लाल पाकीट, हिरवं देठ: नऊ महिने वापरल्यावर

संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पहिल्यांदा स्टॉल लावला, तेव्हापासून आमच्या शेंगदाणा चटणीच्या पाकिटावर, दुकानाच्या फलकावर आणि बिलबुकावर लाल आणि पोपटी हिरवा हीच जोडी आहे. आता दसरा होऊन गेला. या नऊ महिन्यांत लेबलं तीनदा छापली, फलक एकदा बदलला आणि लातूरच्या एका गिऱ्हाइकाची फोनवर माफी मागितली. घरगुती धंदा करणारी बरीच मंडळी रंग निवडताना अडतात, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

रंग निवडले भाच्याने, म्हणजे नणंदेच्या मुलाने. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाइलवर जाहिराती बनवतो. त्याने अ‍ॅपमधला सगळ्यात टोकाचा लाल घेतला (अ‍ॅपमध्ये लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ आकडे असतात, त्यात २५५-०-०) आणि सगळ्यात टोकाचा हिरवा (०-२५५-०), आणि लाल पाकिटावर हिरव्या अक्षरांत नाव टाकलं. "मामी, बघा की, कसं उठून दिसतंय!" दिसत होतंच. पुण्यातली एक मैत्रीण म्हणाली, ख्रिसमसचं वाटतं. मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. आपल्याकडे लाल-हिरवा म्हणजे हिरवा चुडा आणि कुंकू, हिरव्या साडीचा लाल काठ, नाहीतर देठासकट वाळत घातलेली मिरची. चटणीला याहून जवळची जोडी कुठून आणायची? तेव्हा रंग हेच, यावर मी ठाम होते. चूक रंगांत नव्हती, ती कुठे होती ते कळायला मला उन्हाळा लागला.

पहिली तक्रार गड्ड्यातच आली. स्टॉलसमोर उभ्या बायका नाव वाचताना डोळे बारीक करत. लालवर हिरवी अक्षरं थरथरल्यासारखी दिसायची, कडा जागेवर राहायच्याच नाहीत. मला वाटलं छपाई हललीय. पण पाकीट वाईट नव्हतं, दोन रंगच एकमेकांना चिथावत होते. लाल आणि हिरवा रंगचक्रावर समोरासमोर येतात. शेजारी ठेवले की डोळा दोघांनाही आहेत त्यापेक्षा भडक करून दाखवतो. याचा अभ्यास करणारा शेव्रल हा फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ मुळात पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगकामाचा प्रमुख होता. तिथे विणकरांची तक्रार होती की काळा धागा फिका पडतो. त्याने तपासलं तर धागा चांगला होता, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्याने हे सगळं छापलं.

हे वाचून मला वडील आठवले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात ते जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मिस्त्री होते. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन गेले की यंत्रमागांच्या खडखडाटात कानाशी ओरडून सांगायचे, "लाल आणि हिरव्याची भिंत सामाईक ठेवू नको. मधे पांढरा नाहीतर काळा दोरा घाल." त्यांना पॅरिस माहीत असायचं कारण नव्हतं. एकदा त्यांनी लाल ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) हिरवा बाणा (आडवा धागा) टाकलेला एक तुकडा दाखवला होता. नाकाशी धरला तर दोन्ही धागे स्वच्छ वेगळे, दहा पावलं मागे गेलं की सगळं मातकट तपकिरी. बारीक ठिपके लांबून डोळ्यात मिसळतात. रेशमी साडीत यालाच धूपछाव म्हणून जास्त पैसे मोजतो, चादरीत मात्र तो माल मळका दिसतो. आमच्या लेबलाच्या कडेला भाच्याने लाल-हिरव्या बारीक चौकटींची नक्षी टाकली होती. तिचं मैदानात अगदी हेच झालं: हातात देखणी, चार फुटांवर शेणासारखी.

दुसऱ्या छपाईत अक्षरं पांढरी केली, नक्षी काढली. तेव्हाच उजळपणाच्या गुणोत्तराची भानगड कळली. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जे नियम आहेत, त्यांत बारीक अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५:१ इतका फरक लागतो, मोठ्या अक्षराला ३:१ चालतो. आमच्या टोकाच्या लालवर टोकाचा हिरवा भरतो जेमतेम २.९:१. म्हणजे दोघे एवढे भांडत असूनही मोठ्या अक्षरालाही नापास. त्या लालवर पांढरं अक्षर ४:१. लाल गर्द केला (१३९-०-०), तर पांढरं अक्षर १०:१ आणि तोच पोपटी हिरवा ७.३:१. एवढं गणित करायचं नसेल तर फोनमध्ये फोटो कृष्णधवल करून बघा. आमचं पहिलं पाकीट तसं करून पाहिलं तेव्हा करड्यावर करडं नाव होतं, नीट दिसत होता तो फक्त किंमतीचा पांढरा चौकोन.

छपाईचंही सांगते, कारण यात पैसे गेले. स्क्रीनवरचा तो झगझगीत हिरवा स्वतः उजेड असतो. कागदावर तो निळसर शाई आणि पिवळी शाई एकावर एक चढवून करावा लागतो, आणि त्या दोन शायांत तेवढी चमकच नसते. छापखान्यातून आलेला हिरवा शेवाळी होता. छापखान्याची काही चूक नव्हती. वेगळी तयार हिरवी शाई लावता येते, पण तिचा खर्च आमच्यासारख्या दोन हजार लेबलांच्या ऑर्डरला परवडत नाही. त्याऐवजी हिरव्याची जागा कमी केली. लाल भरपूर, आणि त्यात पांढऱ्या रेघेने वेढलेला हिरव्याचा एवढासा तुकडा. शाई तीच, आता मात्र ती शेवाळी वाटत नाही. शेजारचा लालच तिला उचलून धरतो. सुरुवातीला जी गोष्ट अक्षरं बिघडवत होती, तिलाच असं कामाला लावलं.

फलकाचा किस्सा छोटा आहे. जुळे सोलापुरात पश्चिमेला तोंड करून फ्लेक्स लावला. एप्रिल-मेमध्ये इथे काय ऊन असतं ते सांगायला नको. जूनपर्यंत लालचा गुलाबी झाला आणि हिरव्याचा निळसर. छपाईतला लाल गुलाबी आणि पिवळ्या शाईतून होतो, हिरवा निळसर आणि पिवळ्यातून. उन्हात पिवळी आणि गुलाबी आधी उडतात, निळी चिवट. म्हणजे या जोडीतले दोन्ही रंग उन्हात कच्चे. आता पत्र्यावर पेंटरकडून ऑइलपेंटने रंगवून घेतलंय. पावसाळा गेला, अजून ठीक आहे. पुढचा मे गेल्याशिवाय त्याची शिफारस करणार नाही.

आता लातूर. आमच्याकडे दोन प्रकार आहेत, झणझणीत आणि मध्यम. सुरुवातीला डब्यांवर फक्त झाकणाचा रंग वेगळा होता: लाल झाकण झणझणीत, हिरवं मध्यम. पॅकिंगला सासरे बसतात, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. मार्चमध्ये लातूरला लहान मुलं असलेल्या एका घरी मध्यमऐवजी झणझणीतचे सहा डबे गेले. पोरांनी भाकरीबरोबर घास घेतला आणि काय झालं ते त्या बाईंनी मला सविस्तर ऐकवलं. मी आप्पांवर थोडी चिडले. ते काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी चहा घेताना म्हणाले, "मला ती झाकणं एकच दिसतात गं. उजेडात धरून अंदाजानं लावतो." तरुणपणी, जिथे सिग्नल बघावे लागतात अशा एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांना परत पाठवलं होतं. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनासुद्धा नाही.

लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. बापाकडून लेकीकडे जातो, लेकीला सहसा काही जाणवत नाही, आणि तिच्या मुलात उतरायची शक्यता निम्मी. आमच्या घरात आप्पांच्या लेकीचा मुलगा कोण, हे लक्षात यायला मला लाज वाटेल एवढा वेळ लागला. भाच्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथे ठिपक्यांत लपवलेल्या आकड्यांचं इशिहाराचं पुस्तक होतं, जपानी डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ साली काढलेली तीच तपासणी. पहिला आकडा त्याने पटकन सांगितला, कारण तो सगळ्यांनाच दिसतो. पुढच्या पानांवर तो नुसता हसत बसला. त्याला रंग दिसतात, पण तपकिरी, ऑलिव्ह, गर्द लाल हे मधले सगळे एकमेकांत मिसळलेले. म्हणून त्याने अ‍ॅपमध्ये सरकपट्टी पार टोकाला नेली होती. त्याला तिथेच खात्री वाटायची. मी इतके महिने त्याला उगाच "भडक डोक्याचा" म्हणत होते.

त्यानंतर आम्ही एक नियम केला: रंग सांगेल ते आकारानेही सांगायचं. झणझणीतवर तीन मिरच्या, मध्यमवर एक. झाकणांचे रंग तसेच ठेवले, पण आता त्यांच्यावर काही अवलंबून नाही. अन्नाच्या पाकिटावरच्या सरकारी खुणेतही हाच विचार आहे. शाकाहारीसाठी हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल. मांसाहारीसाठी आधी तपकिरी गोल होता, त्याचा आता त्रिकोण केलाय, म्हणजे ज्याला हिरवा-तपकिरी ओळखता येत नाही त्याला आकारावरून कळावं. आणि हो, ही हिरवी खूण उठून दिसेल अशाच पार्श्वभूमीवर लागते. लाल पाकीट करणाऱ्यांनी तिच्यासाठी पांढरा चौकोन आधीपासून सोडा. आम्ही पहिल्या छपाईत सोडला नव्हता, नंतर दोन हजार स्टिकर हाताने चिकटवले.

सध्या पाकीट असं आहे: जवळजवळ सगळं गर्द लाल, नाव पांढऱ्यात, खाली सायीच्या रंगाची पट्टी, आणि हिरवा फक्त मिरचीच्या देठात आणि शाकाहारी खुणेत. हिरव्याचा वाटा दहावा हिस्साही नसेल, तरी गिऱ्हाईक "ते हिरव्या देठाचं पाकीट द्या" असंच मागतं.

कुरबुरी आहेतच. सायीच्या पट्टीवर चटणीचं तेल उतरतं. आमची चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली, त्यामुळे पॅकिंगच्या बोटांचे ठसे त्या पट्टीवर उमटतात आणि कागद तिथे पारदर्शक होतो. लालवर तेल पडलं तर तो उलट खुलतो. फोनचा कॅमेरा लाल इतका चढवतो की व्हॉट्सअ‍ॅपवर चटणी प्लॅस्टिकची वाटते, म्हणून फोटो सकाळी सावलीत घेते आणि रंग थोडा उतरवते. आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी फलकावरचा लाल काळवंडतो, देठ तेवढं चमकत राहतं. अंधुक उजेडात डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो, हिरवा मागाहून. गर्द लाल घेतल्यामुळे हे जास्त जाणवतं. त्याला उपाय म्हणजे साडेसहाला दिवा लावणे.

पाचपैकी किती गुण, असं भाच्याने विचारलं. पहिल्या पाकिटाला दोन, आताच्याला चार. एक तेलाच्या डागांसाठी कापला.

परवा त्याने हिरव्या मिरचीच्या ठेच्याच्या पाकिटाचा नमुना पाठवला. सगळं पाकीट हिरवं, आणि नावाखाली लाल रंगाची एक बारीक रेघ. फोन आप्पांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन नाकाजवळ धरली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरंय. पण मिरच्या किती काढल्यात त्यावर?"