जुन्या बॅकअप डिस्क आणि एक्सपी नव्या कॉम्प्युटरवर : काही महिन्यांच्या वापरानंतर

जुनी हार्डडिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडणं हा यातला सोपा भाग. फाइली दिसतात, कॉपीही होतात. खरी अडचण येते ती त्या उघडताना. गेले काही महिने मी विंडोज एक्सपीच्या काळातल्या बॅकअप डिस्क विंडोज ११ असलेल्या डेस्कटॉपवर वापरतोय. सोबत लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी वेगळी सिस्टीम) एक पेनड्राइव्ह आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारं एक्सपी आहे. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय : नुसत्या फाइली जपून भागत नाही, त्या उघडणारी जुनी सिस्टीमही जपावी लागते. मात्र ती जुन्या मशीनवर नको, फाइलच्या रूपात हवी.

आधी जोडणी. डेस्कटॉपच्या जुन्या आयडीई (रुंद पट्टीच्या केबलची जुनी जोडणी) डिस्कला ४० पिन आणि पॉवरचा वेगळा चार पिनांचा सॉकेट असतो. लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला ४४ पिन असतात आणि पॉवर त्यातूनच मिळते. त्यानंतरच्या डिस्क साटा या नव्या जोडणीच्या. तिन्ही चालतील असा यूएसबी अडॅप्टर मिळतो, पण तो स्वतःच्या पॉवर सप्लायसकट घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबी पोर्टमधून मिळत नाहीत. आयडीई डिस्क दिसली नाही तर मागचा जंपर (पिनांवर बसवलेली छोटी टोपी) 'मास्टर' या जागेवर आहे का ते पाहा. अडीच इंची डिस्क टक्-टक् करत फिरायची थांबत असेल, तर ती खराब झाली असं लगेच ठरवू नका. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअरच मिळतात आणि सुरू होताना काही डिस्कना ते पुरत नाहीत. यूएसबी २ च्या अडॅप्टरवर वेग सेकंदाला ३०-३५ एमबीच्या आसपास राहतो, म्हणजे १६० जीबीची डिस्क पूर्ण वाचायला साधारण दीड तास.

एक्स्टर्नल डिस्क केसमधून काढून थेट जोडण्याआधी मात्र थांबा. काही केसमधलं सर्किट डेटा एन्क्रिप्ट करून लिहितं, काही सेक्टरचा आकार बदलून दाखवतात. अशी डिस्क बाहेर काढली की रिकामी किंवा 'रॉ' (आतली मांडणी न ओळखता येणारी) दिसते. डेटा जागेवरच असतो, पण तो वाचायला तेच सर्किट लागतं. केस टाकून देऊ नका.

डिस्क दिसल्यावर विंडोज कधी कधी 'आधी फॉरमॅट करा' म्हणतं. तिथे कॅन्सल. जुन्या युजरच्या फोल्डरवर क्लिक केलं की 'परवानगी नाही, कंटिन्यू करायचं का' असं विचारतं. होय म्हटलंत तर विंडोज त्या जुन्या डिस्कवरच्या परवानग्या कायमच्या बदलून टाकतं. म्हणजे जी डिस्क फक्त वाचायची होती, तिच्यावर लिहिणं सुरू होतं. म्हणूनच मी जुनी डिस्क विंडोजमध्ये थेट उघडत नाही. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करतो, स्मार्टची (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) माहिती बघतो (५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी, तिथे 'रॉ व्हॅल्यू'च्या रकान्यात शून्याहून मोठे आकडे असतील तर घाई करावी), आणि डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, एका फाइलमध्ये घेतो. हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलंय. आधी ते वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अडलेल्या जागा मागे ठेवतं आणि मग त्यांच्याकडे वळतं. काय झालं, काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. त्यानंतरची सगळी खटपट इमेजवर. मूळ डिस्क कपाटात.

एक्सपीच्या बॅकअप प्रोग्रॅमने केलेल्या बीकेएफ फाइली ही वेगळीच डोकेदुखी. तो प्रोग्रॅम व्हिस्टापासून काढून टाकला गेला आणि विंडोज ११ त्या फाइली उघडत नाही. व्हर्च्युअल एक्सपीमध्ये मात्र त्या सरळ उघडतात. एक्सपी होम असेल तर तो प्रोग्रॅम आपोआप इन्स्टॉल होत नाही, सीडीवरच्या व्हॅल्यूॲड फोल्डरमधून घ्यावा लागतो.

एक्सपी किंवा विंडोज ७ नव्या मशीनवर थेट टाकण्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक्सपीला यूईएफआय (नवी मशीन सुरू करणारी यंत्रणा) समजत नाही, एनव्हीएमई (नव्या मशीनमधली वेगवान) डिस्क दिसत नाही. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे इन्स्टॉलच्या पहिल्या पडद्यावरच कीबोर्ड-माउस मरतात. शिवाय एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, ७ चा १४ जानेवारी २०२० ला. अशी सिस्टीम इंटरनेटवर आणूच नये. माझ्या व्हर्च्युअल एक्सपीचं नेटवर्क कार्ड बंद आहे, एक जीबी रॅम दिली आहे, आणि फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून होते. जुन्या डिस्कची इमेज व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय फाइलमध्ये बदलून तीच सुरू करता येते, पण सेटिंगमध्ये डिस्कचा कंट्रोलर आयडीई निवडावा लागतो, नाहीतर ७बी एररची निळी स्क्रीन. हार्डवेअर बदललेलं दिसल्याने ॲक्टिव्हेशनही पुन्हा मागितलं जातं. मूळ सीडी आणि की असेल तर नवं इन्स्टॉलेशन जास्त सुटसुटीत.

हा सगळा खटाटोप माझ्यासाठी सार्थकी लागला तो युनिकोडपूर्व (सगळीकडे चालणारी आजची अक्षरपद्धत येण्याआधीच्या) मराठी फाइलींमुळे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर मदत करतात, पण त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट : त्या फॉन्टमध्ये तो अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे 'कीर्ती', 'मार्मिक' असे शब्द नेमके तिथेच मोडतात. ताळा कशाशी करणार? व्हर्च्युअल एक्सपीमध्ये मूळ फॉन्टसह पान उघडायचं, पीडीएफ करायची आणि शेजारी ठेवून शब्दन् शब्द पडताळायचा. पानं मांडायच्या जुन्या पेजमेकरच्या फाइलींनाही हाच मार्ग, कारण त्याच कामाचं आजचं इनडिझाइन त्या उघडत नाही. जुन्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (जे जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) यूएसबीचं असेल तर ते व्हर्च्युअल मशीनला जोडता येतं. पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरची रुंद जोडणी) असेल तर प्रिंटरसाठीच्या यूएसबी केबलवर ते चालत नाही, त्यासाठी जुनं मशीनच सांभाळावं लागतं.

जुना नेटवर्क डिस्क-बॉक्स असेल तर तो बहुधा एसएमबी १ या फाइल-शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलवर चालतो. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसच्या हल्ल्यात हाच प्रोटोकॉल वापरला गेला. नव्या विंडोजमध्ये तो बंद असतो आणि तो बंदच राहू द्यावा. बॉक्समधली डिस्क काढून लिनक्सवर वाचणं बरं, फक्त दोन-तीन डिस्कचा रेड (एकत्र मिळून काम करणाऱ्या डिस्कचा गट) असेल तर सगळ्या डिस्क त्यांच्या क्रमासह जपून ठेवा.

नवा कॉम्प्युटर अजून घ्यायचा असेल आणि हे काम डोक्यात असेल, तर प्रोसेसर बघून घ्या. एआरएम (इंटेल-एएमडीहून वेगळ्या धाटणीचा प्रोसेसर) मशीनवर एक्सपी चालतं ते संपूर्ण इम्युलेशनने, म्हणजे जुन्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करून. एखादी फाइल उघडून बघण्यापुरतं ते ठीक आहे, पण पानामागून पान पडताळत बसायला ते फार संथ पडतं.