१९५७ चं टॉप्स घ्यावं की १९६१ चं फ्लीअर?

जुन्या बास्केटबॉल कार्डांत शिरायचं ठरवलं की बहुतेक जण शेवटी टॉप्स आणि फ्लीअर या कार्ड छापणाऱ्या कंपन्यांच्या या दोन सेटपाशीच येतात, कारण १९४८ च्या बोमन कंपनीच्या सेटमधलं जॉर्ज मायकन या खेळाडूचं कार्ड बजेटमध्ये बसत नाही आणि त्यानंतर थेट ५७ पर्यंत मोठ्या कंपनीचा सेटच नाही. मी न्यू जर्सीत राहतो, दोन्हीतली थोडी थोडी जमवलीत, तेवढ्यावरून सांगतोय.

टॉप्सचा सेट ८० कार्डांचा. मधली वर्षं कोरडी गेली म्हणून बॉब कूझी १९५० पासून खेळत असला तरी त्याचं रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, इथलंच, पेटिट, शर्मन, शेज इथेच, आणि बिल रसेल तर आहेच. इतिहास म्हणून भारीच सेट आहे. पण ते सेंटरिंग, म्हणजे चित्राभोवतीची कड समोरासमोर सारखी असणं! मी एका विक्रेत्याकडून फोटो बघून कूझी मागवला, फोटोत ठीक वाटला, हातात आल्यावर दिव्याखाली धरला तर डावीकडची पांढरी कड दोऱ्याएवढी आणि उजवीकडची चांगली जाड, कोपरे मात्र अगदी टोकदार. म्हणजे कोणी जपून ठेवलेलं कार्ड, पण मुळात कापलंच वाकडं. नंतर बघितली त्यातली निम्मीअधिक तशीच निघाली, रसेलच्या कार्डावर तर शिवाय छपाईचे पांढरे ठिपके. नजर सारखी त्या कडेवरच जाते हो, खेळाडूकडे जातच नाही. माझं मन तिथेच उडालं.

फ्लीअर ६६ कार्डांचं, आणि बास्केटबॉलमध्ये तेवढं एकच काढून ते थेट १९८६ ला परतले. विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, चौघांचीही रूकी कार्डं यात. विल्टने त्याच १९६१-६२ च्या सीझनला, २ मार्च १९६२ ला हर्शी गावात एकाच सामन्यात १०० पॉइंट केले, त्यामुळे ते कार्ड हातात घेतलं की मला अजूनही भरून येतं. वाकडी कापलेली इथेही मिळतात, नाही असं नाही, पण मला तरी सरळ कार्ड शोधायला इतकं फिरावं लागलं नाही.

तुम्हाला रसेल-कूझीच्या सेल्टिक्स संघाचंच वेड असेल तर टॉप्स घ्या, मी अडवणार नाही. फक्त आधी फ्लीअरमधलं रसेलचं ‘इन ॲक्शन’ (खेळतानाचा फोटो असलेलं) कार्ड, ६२ नंबरचं, एकदा बघा, ५७ वाल्यापेक्षा बरंच स्वस्तात मिळतं. आणि कोणतंही घेताना चारही कडांचा सरळ वरून काढलेला फोटो मागा, तिरका काढलेला चालवून घेऊ नका.