पोच न घेतलेला अर्ज

नगरपरिषदेने आम्हाला फसवलं असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "किती घेतले?" कुणी एक रुपया मागितला नाही. उलट कर विभागातल्या लिपिकाने बाबांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. लाच मागितली असती तर आम्ही निदान सावध तरी झालो असतो.

आमच्याकडे चतुर्थ वार्षिक कर आकारणी सुरू होती. दर चार वर्षांनी ती होते, त्यात नवल नाही. मोजणीला आलेला मुलगा फाटकापाशी उभा राहून यंत्राने मापं घेऊन पाच-सात मिनिटांत गेला. जाताना आईची टॅबवर बोटाने सही घेतली. "आम्ही येऊन गेलो त्याची सही आहे काकू," म्हणाला. त्या सहीच्या वर काय लिहिलं होतं ते आम्हाला वर्षभराने कळलं.

नोटीस आली तेव्हा कर दुपटीच्याही वर गेला होता. गच्चीवर गळतीसाठी टाकलेलं पत्र्याचं शेड पक्कं बांधकाम म्हणून धरलं होतं, आणि पुढची खोली बिगरनिवासी. का, तर दारावर शिवणक्लासची पाटी. आईचा क्लास बंद होऊन सहा वर्षं झाली, पाटी तेवढी काढायची राहून गेली होती. शेडला आम्ही परवानगी घेतली नव्हती, हे मी लपवत नाही. त्याचा जो रीतसर कर असेल तो लावा. पण चार खांबांवरच्या पत्र्याला भिंती कुठून आल्या?

हरकतीला नोटिशीत ३० दिवस दिले होते. नवव्या दिवशी बाबा अर्ज घेऊन गेले. लिपिकाने तो पूर्ण वाचला, मान डोलावली. "काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आवकचा माणूस आज रजेवर आहे, अर्ज माझ्याकडे ठेवून जा. सुनावणीचं पत्र घरी येईल." बाबांनी पोच मागितली. "पोच कशाला? मी आहे ना इथे." बाबा स्वतः छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत होते. त्यांना आवक क्रमांकाची किंमत माहीत नव्हती असं नाही, पण समोरचा इतकं गोड बोलत असताना हट्ट धरणं त्यांना उर्मटपणाचं वाटलं. याच भिडेवर सगळा कारभार चालतो, असं आता मला वाटतं.

पुढे दोन हेलपाटे. एकदा साहेब मीटिंगमध्ये, एकदा साहेब जिल्ह्याच्या गावी. मग थेट बिल आलं. तोच लिपिक म्हणाला, "आत्ता भरून टाका. महिन्याला २ टक्के शास्ती चढत राहील. दुरुस्ती झाली की पुढच्या बिलातून वजा होऊन येईल." आम्ही भरलं. पुढच्या वर्षी तोच आकडा आला. लिपिकाची बदली झाली होती आणि नव्या अधिकाऱ्याने रजिस्टर उघडून सांगितलं, "तुमची हरकत रेकॉर्डलाच नाही. शिवाय पैसे भरलेत, म्हणजे आकारणी मान्य आहे."

हे दुसरं वाक्य कुणी तुम्हालाही ऐकवलं तर गप्प बसू नका. आकारणीविरुद्ध अपील करायचं तर वादातली रक्कम आधी भरा, असं कायदाच सांगतो. मग रक्कम भरली म्हणजे मान्यता दिली, हे कसं? आम्ही एवढंच करायला हवं होतं: पैसे भरताना "हरकत राखून भरत आहोत" असं पत्र देऊन त्यावर शिक्का घ्यायचा. अपिलाची मुदतही दिवसांत मोजायची असते, आणि ती आम्ही "साहेब उद्या भेटतील" यात घालवली होती.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, मजकूर दीडशे शब्दांत. प्रती मागण्याआधी अभिलेख पाहू द्या अशी मागणी केली; पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत आणि कुठले कागद घ्यायचे ते समोर बसल्यावरच कळतं. आईने टॅबवर केलेली सही "मोजमाप मालकास मान्य" या ओळीखाली निघाली. आमच्या नावापुढे "हरकत प्राप्त नाही".

पण खरा धक्का शेजाऱ्यांच्या पानावर बसला. त्यांनी शिक्का मारून हरकत दिली होती, तरी शेरा "सुनावणीस गैरहजर". सुनावणीचं पत्र त्यांना मिळालंच नव्हतं. बजावणीच्या कागदावर "घर बंद, दारास चिकटवली" असं लिहिलेलं, आणि हेच शब्द आमच्या गल्लीतल्या अकरा घरांपुढे होते. एकच तारीख, एकच अक्षर, तेच दोन पंच. त्या दिवशी शेजाऱ्यांकडे बारसं होतं. बंद घरात चाळीस माणसं जेवत होती, त्यात आम्हीही होतो!

बारशाचे फोटो तारखेसकट जोडून त्या अकराही घरांनी आणि आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडे एकत्र अर्ज दिला. शिवाय प्रत्येकाने फेरआकारणीची स्वतंत्र मागणी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली केली. त्या कायद्यात अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. यावेळी पोच मागावी लागली नाही, आपणहून मिळाली.

फेरमोजणीला माणूस आला तेव्हा मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. मापं कागदावर उतरवून घेतली, मगच सही केली. पुढची खोली निवासी झाली आणि शेडचा कर वेगळा, कमी लागला. पण हे चालू वर्षापासून. आधी भरलेली जादा रक्कम वजा करण्याचा प्रस्ताव "विचाराधीन" आहे.

शिवणक्लासची पाटी मी उतरवली आहे. परवा बाबा कर विभागात चौकशीला गेले होते, तर नवा लिपिक म्हणाला, "काका, लेखी कशाला देता, तोंडी सांगा ना." बाबांनी पिशवीतून अर्जाच्या दोन प्रती काढल्या आणि आवकचा माणूस चहाहून परत येईपर्यंत तिथेच बसून राहिले.