हायरायडर हायब्रिड की नेक्सॉन ईव्ही? फोंड्याच्या एका पेटीवाल्याचा हिशेब

हायब्रिड बघायला शोरूममध्ये गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा: "स्ट्राँग की माइल्ड?" विक्रेते दोन्हींना हायब्रिडच म्हणतात. माइल्ड म्हणजे खरी पेट्रोलचीच गाडी. छोटी बॅटरी इंजिनाला हातभार लावते, पण एकट्या बॅटरीवर गाडी चालत नाही. स्ट्राँग हायब्रिड मात्र कमी वेगात इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर धावते. प्लग दोन्हींना नसतो. आमच्या वाड्यावर निम्म्या लोकांना अजून वाटते की हायब्रिड रात्री चार्जिंगला लावावी लागते.

मी दिवसा पणजीत नोकरी करतो आणि जत्रांच्या दिवसांत रात्री नाटकांना, भजनांना पेटी वाजवतो. सासुरवाडी बेळगावला, टिळकवाडीत. म्हणजे रोज फोंडा-पणजी जाऊन येऊन साठेक किलोमीटर, मधूनमधून पेडणे नाहीतर काणकोण, आणि सणासुदीला बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट. जुनी गाडी काढायची ठरल्यावर यादीत दोनच नावे उरली: टोयोटाची हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, आणि टाटाची नेक्सॉन ईव्ही, ४५ युनिट बॅटरीची.

हायरायडर चालवायला गोड आहे, हे आधीच सांगतो. भोमच्या अरुंद रस्त्यात ट्रक आणि कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसमागे गाडी रेंगाळते तेव्हा इंजिन चक्क झोपलेले असते. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. आपल्या चढउतारांत, एसी लावून, वीस-बावीस धरा. तरीही ४५ लिटरच्या टाकीत मुंबई गाठून वर पेट्रोल शिल्लक. फर्मागुडीच्या चढावर पाय दाबला की मात्र इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. या जातीच्या गिअरबॉक्सचा तो स्वभावच आहे. काहींना चालतो. माझ्या कानाला तो सूर खटकला.

पण माझ्यापुरता निकाल डिकीनेच लावला. हायब्रिडची बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी बसवलेली असते, त्यामुळे तिथली जागा जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे लिटर. नेक्सॉन ईव्हीत ३५०. टेस्ट ड्राइव्हला मी पेटी घेऊनच गेलो होतो. विक्रेता पोरगा हसला, हसू दे. हायरायडरमध्ये पेटी बसली, पण तबला-डग्गा आणि साउंडची बॅग मागच्या सीटवर ठेवावी लागली असती. मग तबलजीला कुठे बसवू?

आता घाटाबद्दल थोडे सविस्तर, कारण हे शोरूममध्ये कोणी समजावत नाही. पायथ्याच्या केरीपासून चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत साधारण ७०० मीटर चढ. माणसांसकट गाडी पावणेदोन टन धरली, तर नुसत्या त्या उंचीपायी सव्वातीन युनिट वीज जाते. वर जाताना बॅटरीचा टक्का भराभर उतरतो आणि नवखा माणूस घाबरतो. उतरताना यातला बराचसा भाग परत मिळतो: पाय काढला की मोटर उलटी जनरेटर होते, गाडीला आवरते आणि बॅटरी भरते. दोन युनिट परत आले तरी बारा-चौदा किलोमीटरची सोय झाली. हायब्रिडही हेच करते, पण तिची बॅटरीच पाऊण युनिटची. पहिल्या काही वळणांतच ती भरते, आणि पुढचा उतार इंजिनाच्या आणि ब्रेकच्या भरवशावर. पावसाळ्यात, धुक्यात, समोरून भाजीचा टेम्पो येत असताना ब्रेक कमी तापणे ही मला मायलेजपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

कंपनी नेक्सॉनची रेंज ४८९ किलोमीटर सांगते. ते छापण्यापुरते. तीनशेच्या वर काही मिळाले तर देवाची कृपा समजायची. फोंड्याहून बेळगाव जाऊन येऊन सव्वादोनशेच्या आसपास होते, त्यामुळे वाटेत चार्जर शोधावा लागत नाही. ते बरेच आहे. गोव्यातल्या एका सार्वजनिक चार्जरवर मी गेलो तेव्हा यंत्र बंद, ॲपवर मात्र हिरवी खूण, आणि तिथल्या रखवालदाराने सांगितले, "कालपासून असेंच हा."

पैशांचे गणित सरळ आहे. महिन्याला १५०० किलोमीटर, हायब्रिड २१ ची सरासरी, पेट्रोल ९७ रुपये धरले तर जवळजवळ सात हजार. ईव्हीला गळती धरून २४० युनिट. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्राहून स्वस्त. तरी युनिटला सात रुपये लावा, सतराशेच्या आत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत ईव्हीला ५ टक्के, आणि हायरायडरसारख्या चार मीटरहून लांब हायब्रिडला ४० टक्के. पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला सरकारने थेट मोठ्या पेट्रोल गाड्यांच्या रांगेत बसवले, हे मला पटत नाही, पण दर तो आहे.

ईव्ही घेणाऱ्याने गाडीआधी अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. आमच्याकडे जांभा दगड. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की जुने अर्थिंग निकामी. इलेक्ट्रिशियनने नवा खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, वीज खात्याकडून लोड वाढवून घेतला, मग पडवीच्या भिंतीवर ७.२ किलोवॅटचा चार्जर बसला. रात्री लावली की सकाळी भरलेली. आषाढात झाड पडून वीज गेली तरी एकदा भरलेली गाडी पणजीच्या फेऱ्यांना चारेक दिवस पुरते. वरच्या व्हेरिएंटमध्ये गाडीतून उलट वीज काढता येते. चवथीला ऐन आरतीत दिवे गेले तेव्हा गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखालचे बल्ब आणि दोन पंखे त्यावरच चालवले. शेजारचे काका तेव्हापासून गाडीला "जनरेटर" म्हणतात.

सगळेच छान नाही. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. आई लांबच्या प्रवासाला पुढेच बसते. पुण्याला ईव्ही न्यायची माझी तयारी नाही, मी रात्रीची बस पकडतो.

आणि माझ्या मेव्हण्याला मी स्वतः हायब्रिड घ्यायला लावली. तो पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, पार्किंग उघड्यावर, सोसायटीची मीटिंग चार्जरच्या विषयावर येऊन दर वेळी चहावर संपते. त्यात त्याला महिन्यातून दोनदा पुण्याला जावे लागते. घरी स्वतःचा पॉइंट नसेल तर ईव्हीच्या स्वस्त विजेचे गणितच लागू होत नाही, कारण बाहेरचा फास्ट चार्जर घरच्या दराच्या कितीतरी पट घेतो. डिकी लहान पडते अशी तक्रार त्याने अजून केलेली नाही. तो पेटी वाजवत नाही.