200 अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, शिकाऊ हातात काही महिने

साधं रॉडवालं मशीन, इन्व्हर्टर टाइप, सिंगल फेज, पुढच्या पॅनेलवर मोठ्ठं 200 लिहिलेलं. हे घ्यायच्या आधी होल्डर (रॉड पकडायचा चिमटा) कधी हातात धरलेला नव्हता, त्यामुळे हा अनुभव कारागिराचा नाही, शून्यापासून शिकणाऱ्याचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. शिकताना मशीनचा फरक फार कमी पडतो, आपल्याला काय दिसतंय याचा फरक प्रचंड पडतो. आणि सगळे जण मशीनवर महिनाभर रिसर्च करतात आणि हेल्मेट मात्र जे मिळेल ते उचलतात.

तरी आधी मशीनचं सांगतो. जुनी ट्रान्सफॉर्मरवाली मशीनं दोन माणसांनी ओढायची असायची, हे एका हातात उचललं जातं. पण 200 लिहिलंय म्हणून 200 वर चालवणार असाल तर आधी घरची लाइन बघा. 2.5 एमएमचा रॉड मी साधारण 75 ते 85 वर चालवतो, तेव्हा आर्कवर (रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणारी विजेची ज्योत) 23 व्होल्टच्या आसपास असतात म्हणजे पावणेदोन-दोन किलोवॅट झाले, त्यात मशीनचे स्वतःचे लॉसेस आणि पॉवर फॅक्टर धरला की 230 व्होल्टच्या लाइनवरून 13-14 अँपिअर खेचले जातात. 16 अँपिअरच्या सॉकेटवर हे निभतं. 3.15 चा रॉड लावून 120 वर नेलं की तोच आकडा वीसच्या पुढे जातो आणि एमसीबी पडायला लागतो, मग लोक मशीनला शिव्या देतात. आणि ती बारीक वायरची एक्स्टेंशन तर लावूच नका, गुंडाळी तशीच ठेवून तर अजिबात नाही, वायर तापते आणि मशीनला व्होल्टेज कमी मिळाल्यामुळे आर्क मेल्यासारखा होतो. निदान 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, पूर्ण उलगडून.

ड्युटी सायकल हा प्रकारही आधीच वाचून घ्या. 60 टक्के म्हणजे 10 मिनिटांत 6 मिनिटं आर्क आणि 4 मिनिटं विश्रांती, आणि तोही एका ठरावीक करंटला. शिकाऊ माणसाला याचा त्रास होत नाही, कारण आपला निम्मा वेळ कीट (रॉडच्या कोटिंगचं वेल्डवर जमणारं कवच) झाडण्यात आणि डोकं खाजवण्यात जातो. 80 च्या आसपास वापरताना ओव्हरहीटचा पिवळा दिवा मला तरी बघायला मिळालेला नाही.

हॉट स्टार्ट, आर्क फोर्स, अँटी स्टिक अशी तीन नावं खोक्यावर असतात. हॉट स्टार्टमुळे आर्क पेटताना क्षणभर जास्त करंट मिळतो, रॉड लवकर पेटतो, याचा खरंच उपयोग होतो. आर्क फोर्स म्हणजे रॉड फार जवळ गेला की करंट वाढवून त्याला चिकटू न देणं, आणि तरी चिकटलाच तर अँटी स्टिक करंट पाडतं म्हणजे रॉड लालबुंद न होता हिसका देऊन निघतो. मस्त आहे, पण रॉड चिकटतोय म्हणजे बहुतेक वेळा करंट कमी आहे किंवा अर्थचा क्लॅम्प (लोखंडाला लावायची परतीची केबल) नीट लागलेला नाही, ते आधी बघा.

अर्थवरून आठवलं, सोबत आलेली केबल आणि क्लॅम्प ही या मशीनची सगळ्यात रद्दी गोष्ट. केबल आखूड, क्लॅम्पचे दात पत्र्याचे, थोड्या वेळात गरम. चांगला पितळी क्लॅम्प लावल्यावर आणि तो जिथे लागतो तिथला रंग-गंज घासून काढल्यावर आर्क एकदम शांत झाला. दुसरी तक्रार फॅनची, तो समोर असेल ते सगळं आत ओढतो आणि ग्राइंडरची धूळ म्हणजे लोखंडच, ती सर्किटवर बसली की शॉर्टची भीती. मशीन ग्राइंडिंगच्या जागेपासून लांब ठेवायचं आणि अधूनमधून प्लग काढून, जरा वेळ थांबून हवेने झाडायचं.

आता मुख्य मुद्दा, दिसणं. वेल्डिंग शिकणं म्हणजे हात स्थिर करणं असं वाटतं, पण हात कुठे न्यायचा हे कळल्याशिवाय तो स्थिर असून काय करायचंय. सुरुवातीला आपण आर्ककडे बघतो, कारण तिथेच सगळा झगमगाट असतो, आणि बघायचं असतं आर्कच्या मागचं वितळलेलं डबकं. त्याच्या कडा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना भिजवतायत का, रुंदी सारखी राहतेय का, मागची कड गोल आहे की टोकदार (टोकदार म्हणजे आपण पळतोय). हे दिसायला लागलं ना की बाकीचं अर्धं आपोआप जमतं.

आणि ते दिसण्यासाठी काच नीट हवी. ऑटो डार्कनिंग हेल्मेट घ्या, म्हणजे आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं, आणि शेड (काचेच्या काळेपणाचा नंबर) बदलता येणारं, 9 ते 13 वालं. मी 80 अँपिअरला 10 ठेवतो, 11 वर मला डबकंच दिसेना. काच उजळ असतानाही यूव्ही आणि आयआर (न दिसणारे घातक किरण) अडवलेलं असतंच, सर्टिफाइड असेल तर, त्यामुळे शेड आपल्याला डबकं स्पष्ट दिसेल आणि नंतर डोळ्यांपुढे ठिपके नाचणार नाहीत अशी धरायची. डोकं बाजूला ठेवून कडेने बघायचं, म्हणजे धूरही तोंडात जात नाही. समोर लख्ख दिवा लावा, त्याने आर्क पेटायच्या आधी सांधा कुठे आहे ते दिसतं. बाहेरची प्लास्टिकची काच ठिणग्यांनी धुरकट होते, ती बदलत राहायची, कित्येक दिवस लोक धुरकट काचेतून बघत स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. चष्म्याचा जवळचा नंबर असेल तर हेल्मेटच्या आत बसणारी मॅग्निफाइंग काच मिळते, तिने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

रॉड 6013 घ्या, वाद नको. पहिले दोन आकडे म्हणजे ताकद, दर चौरस इंचाला 60 हजार पाउंड, पुढचा 1 म्हणजे कुठल्याही पोझिशनला चालतो, शेवटचे दोन आकडे मिळून कोटिंगचा प्रकार आणि करंट कळतो. एसी, डीसी, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह कशावरही पेटतो, बिचारा. 7018 या दुसऱ्या रॉडचं कौतुक ऐकून लगेच तो आणू नका, त्याचं टोक कीटाने बंद होतं म्हणून परत पेटवताना वैताग येतो, आणि ओलावा धरला की त्याचा मूळ फायदाच गेला, कारण वेल्डमध्ये हायड्रोजन कमी जावा म्हणून तर तो बनवलाय.

6013 चा दोष एकच, कीट भरपूर आणि पातळ. आर्क लांब ठेवला किंवा रॉड फार आडवा केला तर कीट डबक्याच्या पुढे पळतं आणि मग त्याच्यावरच धातू बसतो. वरून झकास दिसतं, आत पोकळ. रॉड ओढायच्या दिशेला 10-15 अंश कललेला आणि टोकाचं अंतर रॉडच्या जाडीएवढं, बस. कठीण काय आहे तर रॉड सारखा आखूड होत असतो म्हणून हात पुढे नेता नेता खालीही न्यावा लागतो, एकाच वेळी. हे वाचून येत नाही. आवाज मदत करतो, सलग तडतड म्हणजे बरोबर, फटफट आणि मोठे थेंब उडायला लागले की आर्क लांब झालाय.

सरावाला 5-6 एमएमची पट्टी घ्या, भंगारातली चालेल पण घासून घ्या. लोक काय करतात, पहिल्याच दिवशी दीड एमएमच्या चौकोनी पाइपचं स्टूल करायला घेतात आणि भोकंच भोकं पडतात. पातळ पाइपला 2 एमएमचा रॉड, 45-50 अँपिअर, रॉडची केबल मशीनच्या निगेटिव्हला आणि लांब रन (वेल्डची सलग ओळ) न मारता छोटे छोटे टाके, तेही मध्ये फट असेल तर नाहीच जमणार, कापणं आधी नीट हवं.

आपलं वेल्ड पक्कं आहे का हे कळायला मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तोडण्याने. दोन पट्ट्या टी आकारात एकाच बाजूने जोडायच्या, व्हाइसमध्ये धरायच्या आणि हातोड्याने वेल्डच्या बाजूला आडवं पाडायचं. तुटलं तर मुळाशी काय झालंय ते उघडं दिसतं, खालच्या पट्टीला धातू नुसता चिकटलाय की खरंच एकजीव झालाय, आत कीट अडकलंय की बुडबुडे आहेत. माझे सगळ्यात देखणे रन सगळ्यात आधी तुटले, आणि ओबडधोबड दिसणारे पण जास्त करंटवर मारलेले वाकले पण सुटले नाहीत.

फ्रेम करताना गुण्यात (काटकोनात) ठेवून चारी कोपऱ्यांना आधी फक्त टाके, मग दोन्ही कर्ण मोजायचे, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. वेल्ड थंड होताना आकसतं आणि ओढतंच, कितीही क्लॅम्प लावा, क्लॅम्प काढल्यावर थोडं तरी सरकतंच. हे गृहीत धरूनच मापं घ्यायची.

धोक्याबद्दल सगळे सांगतात तरी थोडं. आर्कचा उजेड डोळ्यांना बाधला तर ते लगेच कळत नाही, काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, म्हणून शेजारी बघत उभ्या असलेल्या माणसालाही काच द्या नाहीतर हाकला. कपडे सुती, गळ्याचं बटण लावलेलं, नाहीतर तिथे उन्हात भाजल्यासारखं लाल होतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप नको, जस्त 907 अंशाला उकळतं आणि त्याच्या धुराने काही तासांनी थंडी-ताप भरतो. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेलं लोखंड तर मुळीच वेल्ड करू नका, त्यातून फॉस्जीन होऊ शकतो, तो विषारी वायू आहे. वेल्डिंगचा धूर 2017 पासून कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे कर्करोग होतो हे पक्कं मानलेल्या यादीत, त्यामुळे दार उघडं ठेवा आणि हेल्मेटच्या आत बसणारा पी100 किंवा तत्सम रेस्पिरेटर घाला. घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी रॉड बदलू नका, न पेटलेल्या रॉडवर 60-80 व्होल्ट असतात. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबा, ठिणगी कुठे धुमसत असेल सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मला मशीनपेक्षा ग्राइंडरचीच भीती वाटते, गार्ड काढून चालवणारे बघितले की अंगावर काटा येतो. कीट झाडतानाही साधा गॉगल हवाच, गरम तुकडा उडतो तो नेमका डोळ्याकडे.

मिग (रॉडऐवजी वायर आपोआप पुढे सरकणारं मशीन) घ्यावं का हे? पातळ पत्र्याचं काम जास्त असेल तर मिग घ्या, सोपं पडतं. पण गॅसवालं मिग वाऱ्यात चालत नाही आणि त्याचं वेल्ड दिसायला इतकं गुळगुळीत येतं की आत धरलंय की नाही हे शिकाऊ माणसाला कळतच नाही. बाहेर काम, जाड लोखंड, थोडाफार गंज असेल तर रॉडच.

सध्या आडवं आणि कोपऱ्याचं काम विश्वासाने करतो. उभं, खालून वर, अजून जमत नाही, डबकं मधोमध फुगतं आणि ओघळतं. करंट जरा कमी करून दोन्ही कडांना क्षणभर थांबायचं आणि मधून झटकन जायचं असं करून बघतोय, कडा भरायला लागल्यात, मधला फुगवटा अजून आहे. कुणी 6013 ने उभं नीट काढत असेल तर किती अँपिअरवर, ते सांगा.