थ्रीव्ह: छप्पर नसलेली, पण वाचायला सोपी गढी

स्कॉटलंडच्या नैऋत्येला, कॅसल डग्लस गावाजवळ डी नदीतल्या बेटावर ही गढी उभी आहे. डग्लस घराण्यातल्या आर्चिबाल्ड 'द ग्रिम'ने ती १३६९ नंतर बांधली आणि १४०० साली तो इथेच वारला. वाहनतळापासून शेतांमधून साधारण किलोमीटरभर चालायचं, धक्क्यावरची घंटा वाजवायची, की नावाडी पलीकडून होडी आणतो. हिवाळ्यात गढी बंद असते. नदीला पाणी चढलं असेल तर निघण्याआधी चौकशी करा. बूट चिखल सोसणारे हवेत.

भिंती जवळपास तीन मीटर जाडीच्या, मजले पाच. वरचे लाकडी तळ आणि छप्पर गेलंय, म्हणूनच गढी उभी चिरल्यासारखी दिसते. भिंतीत तुळयांची खोबणी कुठे आहेत आणि शेकोट्या किती उंचीवर आहेत, एवढं पाहिलं तरी मजले मोजता येतात. दार जमिनीलगत नाही, वरच्या पातळीला आहे. पूर्वी तिथवर लाकडी पूल होता. आत शिरल्यावर स्वयंपाकघर, त्याच्याखाली तळघर, तळघरात विहीर आणि कोपऱ्यात वरून झाकण असलेली अंधारकोठडी. वेढा पडला तर पाणी घरातच. कोठडीत डोकवायला टॉर्च न्या. चक्री जिन्याच्या पायऱ्या अरुंद आहेत, हात भिंतीला ठेवूनच चढा.

बरेच जण मुख्य इमारत बघून होडीकडे वळतात. तसं करू नका, खरी गंमत बाहेरच्या तटात आहे. तीन गोल बुरुजांपैकी आग्नेयेचा चांगला टिकलाय. त्याच्या जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोकं, जवळून पाहा: काही उलट्या कुलुपाच्या भोकासारख्या, वर नेम धरायला फट आणि खाली तोफेच्या नळीसाठी गोल भोक, काही डंबेलच्या आकाराच्या. हा तट १४५५ च्या वेढ्यानंतरचा मानला जाई. १९७४ ते १९७८ च्या उत्खननात सापडलेल्या तटाच्या पुलाच्या लाकडाची वर्षवलयं (खोडातल्या कड्या, त्यांवरून झाड कधी तोडलं ते कळतं) १४४७ ची निघाली. म्हणजे १४५५ साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाने वेढ्यासाठी तोफा आणल्या, तेव्हा डग्लसांची तोफांसाठीची तयारी आधीच झालेली होती. गढी पडली ती तरीही. १६४० साली तिने तेरा आठवडे वेढा सोसला, त्यानंतर ती मोडकळीला आली.

छप्पर गेल्यावर भिंतीच्या माथ्यातून पाणी मुरतं, चुना धुपतो, थंडीत पाणी गोठून दगड सुटतात. म्हणून भिंतींवर चढू नका, दोरी लावली असेल तिथे आत जाऊ नका.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो हिवाळ्याच्या कुलुपासाठी, कारण झाडं निष्पर्ण असताना हा दगड लांबूनही सर्वांत स्पष्ट दिसतो.