कोऱ्या टीटी फॉर्मवर गेलेली डुकाटी

ज्यांच्याकडे जपलेली इटालियन स्पोर्ट्स बाईक आहे आणि ती विकायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फसवणुकीच्या ज्या प्रकारात सापडलो त्यात कुलूप तुटत नाही, खात्यातून पैसे उडत नाहीत. गाडी आपणच धुऊन-पुसून, टाकी भरून नेऊन देतो.

माझी गाडी डुकाटी ८४८, पांढरी. हे मॉडेल २००८ साली आलं आणि २०१३ च्या सुमारास त्याच्या जागी ८९९ पानिगाले आली. डिझायनर मासिमो तांबुरिनीच्या १९९४ च्या ९१६ या डुकाटीची सगळी लक्षणं तिच्यात आहेत: मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं, सीटखालून निघालेले दोन सायलेन्सर. (मधल्या ९९९ मॉडेलवर मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा स्विंगआर्म दिला, तेव्हा डुकाटीवाल्यांनी काय नाकं मुरडली होती!) पानिगालेपासून नळ्यांची ट्रेलिस फ्रेमही गेली. त्यामुळे जुन्या बांध्याची, नीट राखलेली ८४८ शोधणारे हौशी लोक आहेत. पुण्याच्या सिग्नलवर एप्रिलमध्ये त्या सायलेन्सरच्या वर बसून मांड्या भाजतात, हे त्या हौशी लोकांना कोणी सांगत नाही. माझ्या कमरेने असहकार पुकारला, म्हणून विकायला काढली. अपेक्षा सात लाखांच्या आसपास.

जाहिरातीवर नेहमीचे फोन आले. ‘लास्ट किती?’, ‘ॲव्हरेज काय देते?’, ‘बुलेटवर एक्स्चेंज करणार का?’ आणि मग एक फोन असा आला, की समोरच्याने पहिलाच प्रश्न विचारला, “बेल्ट शेवटचे कधी बदललेत?”

या इंजिनात व्हॉल्व्ह हलवणारे कॅमशाफ्ट फिरवायला रबरी बेल्ट असतात. गाडी उभी असली तरी ते ठरावीक वर्षांनी बदलावेच लागतात. तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. शिवाय डेस्मो व्हॉल्व्ह. बंद करायला स्प्रिंग नाही, वेगळा रॉकर. त्याचं क्लिअरन्स, म्हणजे बारीक फट, जुळवायची म्हणजे अर्धी गाडी सोलायची. हा माणूस हे सगळं जाणून होता. मुंबईच्या उपनगरात जुन्या सुपरबाईक विकायचा धंदा. रविवारी घरी आला, गॅरेजमध्ये फरशीवर आडवा झाला, मोबाईलच्या टॉर्चमध्ये बेल्टच्या कव्हरचे बोल्ट बघितले, मग फूटपेगची टोकं आणि ब्रेक लिव्हरचा गोळा चाचपून पाहिला. गाडी पडली असेल तर आधी तिथे घासतं. उठून म्हणाला, “साहेब, गाडी नाही, लेक सांभाळलीय तुम्ही.” भावात घासाघीस शून्य.

इथेच सावध व्हायला हवं, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. खरा गिऱ्हाईक घासाघीस करतो, कारण त्याच्या खिशातून पैसे जाणार असतात. ज्याला द्यायचेच नाहीत, त्याला सात काय आणि साडेसात काय!

त्याची योजना अशी: गाडी त्याच्या शोरूमला ठेवायची, गिऱ्हाईक तो आणणार, कमिशन कापून बाकी रक्कम मला. बाहेरगावचं गिऱ्हाईक विमानाने येतं, बघतं आणि त्याच दिवशी व्यवहार करून जातं. म्हणून ‘सगळा सेट’ तयार हवा. सेट म्हणजे ओरिजिनल आरसी, दोन्ही चाव्या, इमोबिलायझरचं (चोरीविरोधी लॉकचं) कोड कार्ड, आधारची झेरॉक्स आणि टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या. खरेदीदाराचं नाव, तारीख, रक्कम कोरी. बदल्यात त्याने लेटरहेडवर पोच दिली आणि साडेसहा लाखांचा ‘सिक्युरिटी’ चेक. मी टर्मिन्योनी या ब्रँडचे सायलेन्सर लावलेले होते, डुकाटी कंपनीचे मूळचे खोक्यात होते. “दोन्ही आणा, कलेक्टर लोकांना खोक्यासकट लागतं,” म्हणाला. बरोबरच होतं ते. त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर असायचं.

मग ठरलेला खेळ. हैदराबादचा डॉक्टर इंटरेस्टेड आहे. डॉक्टरच्या सासूचं ऑपरेशन. कोचीची पार्टी आली. कोचीला पाऊस. मधूनमधून गाडीचे फोटो यायचे, कायम त्याच राखाडी टाइल्सवर. नंतर लक्षात आलं की ते एकाच दुपारी काढून ठेवलेले होते. प्रत्येक फोटोत उन्हाचा पट्टा पुढच्या चाकाशी त्याच जागी.

एके दिवशी मोबाईलवर ई-चलानचा मेसेज आला. ठिकाण वांद्रे-वरळी सी-लिंक. तिथे दुचाकीला बंदी आहे. फोटो उघडला तर माझ्या नंबरची माझी गाडी आणि तिच्यावर लाल जॅकेटातला कोणी अनोळखी पोरगा. फोटो मोठा करून पाहिला. टर्मिन्योनी गायब, कंपनीचे सायलेन्सर चढवलेले.

दलालाला फोन केला तर म्हणाला, “टेस्ट राइड होती, चलान मी भरतो. आणि साहेब, आरटीओचा एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.” तो मी दिला नाही. आधारशी जोडलेल्या मोबाईलवरचा तो ओटीपी दिला असता तर गाडी कागदोपत्रीही गेली असती. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. चेक बँकेत टाकला, तो ‘खातं बंद’ असा शेरा घेऊन परत आला.

लाल जॅकेटातल्या पोराचा पत्ता ओळखीपाळखीतून लागला. पनवेलला चहाच्या टपरीवर भेटलो, दोघंही भांडायच्या तयारीने. त्याने त्याचं बँक स्टेटमेंट पुढे केलं: पूर्ण रक्कम दलालाच्या खात्यात. त्याच्याकडे गाडी, आरसी, माझ्या सह्यांचे फॉर्म. माझ्याकडे नावावरची नोंद आणि न वटलेला चेक. दोघंही खरे, आणि दलालाची खरी कमाई हीच: तो बाजूला होतो आणि दोन प्रामाणिक माणसं एकमेकांची कॉलर धरतात. टर्मिन्योनी नावाचं काही गाडीवर होतं, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. ते वेगळे विकले गेले असणार.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे, “हा तुमचा दिवाणी व्यवहार आहे.” म्हणून एकट्याने जाऊ नका. विकणारा आणि घेणारा दोघांनी एकत्र तक्रार दिली, एकाच गाडीचे पैसे एकाने घेतले आणि दुसऱ्याला दिले नाहीत हे कागदावर शेजारी शेजारी दिसलं, तेव्हा बोलणं बदललं. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम ३१६ आणि फसवणुकीला ३१८ आहे, हे तक्रारीत लिहून नेलं होतं. चेकसाठी वेगळी धावपळ: निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली, चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे आणि ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ हे दलाल उगाच म्हणत नाही, ती मुदत संपवायची असते. आरटीओलाही लेखी अर्ज दिला, पोच घेतली. कारण गाडी माझ्या नावावर आहे तोवर अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात मीच मालक. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमारच्या निकालात हे स्पष्ट सांगितलंय.

विकायचीच असेल तर गिऱ्हाईकाला थेट तुमच्या बँकेत बोलवा. आरटीजीएसचा स्क्रीनशॉट बघू नका, मेसेजवरही जाऊ नका, खात्यातली शिल्लक बघा. दोन लाख किंवा त्यावर रोख घेतलीत तर आयकराचा नियम तुमच्यावरच उलटतो. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, तारीख लिहिल्यावरच सही, आणि गाडी दिल्याची वेळ घातलेली डिलिव्हरी नोट. राज्यातलाच घेणारा असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम, एजंटचं नाही. परराज्यातला असेल तर एनओसीचा फॉर्म २८. दलालाकडे ठेवायचीच वेळ आली तर एक चावी, कोड कार्ड आणि आरसी घरी. गिऱ्हाईक खरं असेल तर ते कागद बघायला पुण्यापर्यंत येतं.

माझी गाडी सध्या त्या मुलाच्या पार्किंगमध्ये आहे, दोघांच्या संमतीने, न चालवता. तपास चालू आहे. गेल्या आठवड्यात त्याच राखाडी टाइल्सवर एका लाल डुकाटी १०९८ ची जाहिरात दिसली, दलालाचं नाव आणि नंबर दोन्ही नवीन. त्या गाडीचे मालक हे वाचत असतील तर आजच जाऊन गाडी परत आणा. आणि आणायला जाताना बॅटरीचा चार्जर आणि मागचा स्टँड मोजून घ्या, माझे तेही आले नाहीत.